दोन विहिरी जोडणारे ओव्हाळसर

प्रा. रघुनाथ ओव्हाळसरांची आणि माझी पहिली गाठ दौंड स्टेशनच्या फलाटावर पडली. त्या भेटीत ते माझ्याशी जवळजवळ काहीच बोलले नाहीत. बोलले ते माझ्या वडिलांशी.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी वरवंडचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. इंजिनिअरिंगसाठी अर्ज केला होता. सिव्हिलला नंबर लागला नाही, मेकॅनिकलला लागला नाही, आणि विदर्भातल्या एका कॉलेजात मायनिंगला लागला. मायनिंग म्हणजे खाणकाम, एवढीच माझी त्या विषयातली विद्वत्ता. गावात जो तो विचारी, ‘‘खाण म्हंजी दगडाची का रं? त्याला शिकायचं काय?’’  वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, मला गाडीत बसवून द्यायला दौंडला आले होते. मनमाडकडची गाडी उशिरा येणार होती. आमच्या शेजारी वळकटीवर एक सडपातळ तरुण गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या जाळीच्या पिशवीत कांद्यांच्या वर एक हेल्मेट ठेवलेलं होतं. आप्पांनी ते न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘पाव्हणं, खाणीत कामाला हाय का?’’

‘‘होतो. आता विदर्भातल्या कॉलेजात खाणकाम शिकवतो.’’

आप्पा सरसावून बसले. ‘‘आमचं पोरगं त्येच शिकाय चाललंय. खरं सांगा, जिवाला धोका हाय का न्हाई?’’

दुसरा कोणी असता तर ‘छे छे, काळजी करू नका’ म्हणाला असता. सर म्हणाले, ‘‘आहे. धोका नसता तर इतकी वर्षं शिकवायचं काय होतं? नुसता दगड फोडायला कॉलेज लागत नाही. सकाळी खाली गेलेला माणूस संध्याकाळी धडधाकट वर यावा, एवढ्यासाठी कॉलेज लागतं.’’

 मग माझ्या ट्रंकेवरची वांग्यांची पिशवी उचलून निम्मी वांगी आप्पांनी सरांच्या पिशवीत रिकामी केली. ‘‘आता माझं पोरगं तुमच्या हवाली,’’ ते म्हणाले. सरांचा अमृतमहोत्सव साजरा होत असताना या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो आणि सर्वांत आधी तो फलाट डोळ्यांपुढे आला.

सर मूळचे शिरूर तालुक्यातले. कवठे येमाईच्या पलीकडे एक लहानशी वाडी आहे, तिथल्या बौद्धवस्तीत त्यांचं घर. वडील लवकर गेले. आई, सोनाबाई, लोकांच्या कांद्यात खुरपायला जात. सर शिरूरला बोर्डिंगात राहून शिकले, शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाले, काही वर्षं कोळशाच्या खाणीत अधिकारी होते आणि मग आपण होऊन शिकवायला आले. चांगली नोकरी सोडून का आलात, असं आम्ही एकदा धीर करून विचारलं होतं. ते म्हणाले, ‘‘खाणीत नवे इंजिनिअर यायचे. त्यांना सूत्रं यायची, पण छप्पर खाली यायच्या आधी कसा आवाज करतं ते यायचं नाही. ते त्यांना मजूर शिकवायचे, मग मी. म्हटलं, हे आधीच शिकवून पाठवलं तर बरं.’’

सरांचं शिकवणं कसं होतं, हे एका प्रसंगावरून सांगतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी आम्हाला प्रत्यक्ष खाण दाखवायला नेलं. लोखंडी पिंजऱ्यात उभं राहून खाली जायचं. मी दोन्ही हातांनी पिंजऱ्याची सळई धरून ठेवली होती. घाबरलेला मी एकटाच नव्हतो, आमचा बिहारकडचा वर्गमित्र त्रिपाठी तर डोळे मिटून हनुमानाला आळवत होता. पिंजऱ्याचं दार लागणार एवढ्यात सरांनी हात वर करून मला विचारलं, ‘‘मारुती, पिंजऱ्याला वर-खाली जायची घंटा देणाऱ्या या गृहस्थांचं नाव काय?’’

मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. सरांनी आम्हा सगळ्यांना पिंजऱ्यातून बाहेर काढलं. ‘‘आपला जीव ज्यांच्या हातात द्यायचा, त्यांचं नाव ठाऊक नको?’’ आम्ही एकेकानं जाऊन त्या गृहस्थांना नाव विचारलं, आपलं सांगितलं. ते बिचारे लाजून लाल झाले. पण दुसऱ्यांदा पिंजऱ्यात शिरलो तेव्हा सळई धरायची मला आठवणही झाली नाही. पुढे नोकरीत मी कितीतरी खाणी पाहिल्या. नाव विचारल्याशिवाय एकाही पिंजऱ्यात पाऊल ठेवलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायचा, ती सांगतो.

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो, त्या वर्षी आपल्याकडे पाऊस पडलाच नव्हता. घोड नदीचं पात्र पांढरं पडलं होतं. आमच्या अभ्यासक्रमात उन्हाळी सर्वेक्षण शिबिर असे: कुठल्यातरी माळावर जायचं, दुर्बिणीच्या यंत्रानं कोन मोजायचे, नकाशा काढायचा, परत यायचं. सरांनी प्राचार्यांना सांगितलं, ‘‘या खेपेला शिबिर माझ्या वाडीला नेतो. मुलं दोन विहिरींमध्ये बोगदा खोदतील.’’ प्राचार्य म्हणाले, ‘‘ओव्हाळ, विहीर खोदणं अभ्यासक्रमात कुठे आहे?’’ सर शांतपणे म्हणाले, ‘‘उभी विहीर म्हणजे शाफ्ट. आडवा बोगदा म्हणजे गॅलरी. त्यात आधार, हवा, मोजणी, सुरक्षा, सगळं आलं. राहिलं काय?’’ प्राचार्य हसले आणि परवानगी मिळाली. सर जबाबदारी घेतायत म्हटल्यावर नाही म्हणणं कोणालाच कठीण जाई.

आम्ही डझनभर पोरं दौंडला उतरलो, तिथून एका ट्रकमधून शिरूर, आणि शिरूरहून कवठ्याच्या वाटेनं वाडीला. शाळेच्या दोन खोल्यांत मुक्काम. वाडीची परिस्थिती अशी होती. गावठाणातली विहीर मोठी, चांगली बांधलेली, उतरायला पायऱ्या. पण तळ कोरडा. ओढ्याच्या बाजूला बौद्धवस्तीची विहीर, अरुंद, एका वेळी एकच पोहरा मावेल अशी. पण तिच्या तळाला एक झरा होता आणि तो त्या वर्षीही आटला नव्हता. दोन विहिरींमध्ये अंतर एका गल्लीचं. दोन्हीकडच्या माणसांमध्ये मात्र ते त्याहून खूप जास्त होतं. वस्तीतल्या बायकांना गावठाणाच्या विहिरीची पायरी आजवर कोणी चढू दिली नव्हती. कायदा होता, पण तो कागदावर आणि विहीर दगडाची. आणि आता त्याच गावठाणातली माणसं टँकरची वाट पाहत होती.

सरांनी आधी वस्तीतली माणसं बोलावली. आम्ही विद्यार्थी मागे बसलो होतो. सरांनी जमिनीवर काडीनं दोन वर्तुळं काढली. ‘‘आपला झरा रात्रंदिवस चालतोय, पण हीर अरुंद. पाणी एका पातळीला येतं आन् थांबतं. खालनं बोगदा काढून त्यांच्या हिरीत सोडलं तर तिथं साठंल, दोन्हीकडं पुरंल.’’ कॉलेजात शुद्ध बोलणारे सर आपल्या माणसांत बसले की असे बोलत; त्रिपाठी चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला.

एक म्हातारे उठले. ‘‘रघू, आमच्या बापानं तहानेनं जीव चालला तरी त्या हिरीवर पाय ठिवला न्हाई. ठिवू दिला न्हाई. आन् आता आमचा झरा त्यान्ला द्यायचा?’’

दुसऱ्यानं विचारलं, ‘‘त्यांची हीर खोल. समदं पानी तिकडंच जाईल का न्हाई?’’

‘‘जाईल,’’ सर म्हणाले. ‘‘आपली हीर रिकामी व्हईल. खोटं कशाला सांगू?’’

सभा एकदम गरम झाली. मला वाटलं, संपलं, आता परत जायचं. तेवढ्यात सोनाबाई बोलल्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर कपाळापर्यंत. ‘‘रघू, धान्याच्या कनगीला तोंड आसतं तसं त्या बोगद्याला दार करता येईल का?’’

सर आईकडे बघतच राहिले. मग म्हणाले, ‘‘येईल, आये. खाणीत करतो आम्ही. जाड फळी, खाचेत बसवायची. सोडली की पाणी बंद.’’

‘‘कोणच्या बाजूला?’’

‘‘आपल्या.’’

‘‘मंग खणा. आन् त्यान्ला सांगा, झरा घ्या, पर आमच्या बाया तुमच्या हिरीवर येणार. पायऱ्यांवरनं. वरच्या अंगानं. समद्यांसंगं.’’

हाच निरोप घेऊन सर गावठाणात गेले. तिथले कर्ते म्हणजे गणपतआबा. पांढऱ्या मिशा, बोलणं कमी. त्यांच्या ओसरीवर बरीच चर्चा झाली. काहींनी तोंड वाकडं केलं. आबा शेवटी म्हणाले, ‘‘मास्तर, पाणी खालनं एक व्हनार. मंग वर येगळं कसं ठिवायचं? आपल्याला काय तसं जमायचं न्हाई. येऊ द्या त्यांच्या बाया.’’ आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं.

कामाची गंमत आता सांगतो. वस्तीकडचा झरा पंपानं उपसत ठेवून बोगदा दोन्ही विहिरींच्या तळातून एकाच वेळी खोदायचा आणि मध्ये मिळवायचा. जमिनीखाली दिशा कशी कळणार? त्यासाठी प्रत्येक विहिरीत दोन तारा सोडायच्या, टोकाला जड ओळंबे. तारा हलू नयेत म्हणून ओळंबे तेलाच्या बादलीत बुडवायचे. वर दोन्ही विहिरींची मोजणी गल्लीतून जोडून घ्यायची. ते वरचं माप तारांनी खाली न्यायचं. पुस्तकात हे एका पानात आटोपतं. वाडीत आम्हाला डिझेल पंपाच्या काळ्या तेलापासून शोधाशोध करावी लागली, आणि गावठाणातली पोरंबाळं तारेला हात लावून ‘हलतीय का’ बघून जायची, ती वेगळीच.

तशात एक दिवस मोजणी जुळेना. पुन्हा मोजली, पुन्हा जुळेना. सर चिडले नाहीत. त्यांनी आम्हाला गल्लीतून पायी चालवत नेलं आणि मोजणीसाठी ठोकलेली प्रत्येक खुंटी हलवून बघायला सांगितली. एका खुंटीला शेळी बांधलेली होती. ती ओढून ओढून खुंटीला चांगलीच वाकवून बसली होती. शेळीची मालकीण, एक आजी, दारातूनच म्हणाली, ‘‘खुटी दिसली म्हून बांधली. सरकारनं कशाला ठोकलीय, मला काय ठावं?’’ सर तिच्यासमोर हात जोडून म्हणाले, ‘‘चूक आमची, आजी. शेळीला कोणी सांगितलं नव्हतं.’’ त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक खुंटीभोवती दगड रचले आणि मी पुढे आयुष्यभर दुसऱ्याच्या मोजणीवर डोळे मिटून विसंबलो नाही.

खोदाई दोन्हीकडचे लोक करत. कठीण खडकाखाली मुरमाचा थर होता, त्यातून पहारीनं, टिकावानं मार्ग निघे. मध्येच खडक आला की परवानाधारक माणूस बोलावून छोटा सुरुंग. आम्ही विद्यार्थी आळीपाळीनं आत. बाभळीच्या खांबांचे आधार लावायचे, हवेसाठी लोहाराचा भाता वर ठेवून त्याला पत्र्याची नळी जोडलेली. भाता हलवायला गावातले रिकामे म्हातारे हौसेनं येत. सरांचा एक नियम होता: रोज सकाळी सगळ्यांच्या आधी ते स्वतः आत जाणार, पहारीनं छप्पर ठोकत. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आधार लावल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. गणपतआबांना या ठोकण्याचं इतकं कौतुक वाटलं की, ते काठीनं स्वतःच्या घराच्या भिंती ठोकत हिंडू लागले. ‘‘मास्तर, माजी वळचण बद्द बोलतीया,’’ ते एकदा गंभीरपणे म्हणाले. आम्ही सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांच्या वळचणीला दोन खांब दिले.

दोन्ही बाजू जवळ आल्या. ठोकल्याचा आवाज पलीकडे ऐकू येऊ लागला. दोन्ही विहिरींवर माणसं जमू लागली. कोणीतरी म्हणालं, ‘‘आता एक मोठा बार उडवा की, लगीच मोकळं व्हईल.’’ सगळ्यांनाच घाई झाली होती. टँकर दोन दिवस आला नव्हता. सरांनी सुरुंगाला साफ नकार दिला. ‘‘पलीकडं माणूस आहे. भिंत पातळ झाली की बार नाही. पहारच.’’ एक तरुण म्हणाला, ‘‘त्यान्ला बाहेर काढा, मंग उडवा.’’ सर म्हणाले, ‘‘काढलं, मोजलं, आणि मोजणीत एक माणूस राहिला तर?’’  आणखी दीड दिवस पहार चालली.

गावठाणाच्या बाजूनं मी आणि एक गावकरी आत होतो. भाता वरून फुसफुसत होता. माझ्या पहारीला अचानक लागायचं काही उरलं नाही आणि ती हातभर आत गेली. मी ती ओढून काढली. भोकातून थंड, ओल्या मातीचा वास आला. मी हात घातला. पलीकडून दुसऱ्या हातानं तो घट्ट धरला. तो हात त्रिपाठीचा होता. ‘‘मिल गया रे मारुती!’’ तो ओरडला. माझ्या सोबतच्या गावकऱ्यानं विचारलं, ‘‘कोण हाय पलीकडं?’’ आणि उत्तराची वाट न बघता स्वतःही हात आत घालून धरला. दोन्ही बाजूंच्या बोगद्यांच्या पातळीत फरक पडला होता जेमतेम एका वितीचा.

भोक मोठं करून वस्तीच्या बाजूला दोराला टांगलेली फळी बसवली, आणि दुसऱ्या सकाळी गावठाणाच्या विहिरीच्या तळाला पाणी चमकलं. लोकांनी हलगी काढली. दुपारपर्यंत गुडघाभर पाणी होतं. पण आनंदाला इथेच एक ठेच लागली. संध्याकाळी वस्तीतल्या बायका घागरी घेऊन आल्या, तेव्हा पायऱ्यांवर उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी सांगितलं, ‘‘तुमी खालच्या अंगानं भरा.’’  बायका घागरी उचलून परत गेल्या.

थोड्या वेळानं मोठ्या विहिरीतलं पाणी चढायचं थांबलं.

सोनाबाईंनी फळी सोडली होती.

गणपतआबा काठी टेकत वस्तीत आले. आम्ही सरांच्या अंगणात बसलो होतो. सर उठून बाजूला सरले. हे आईचं काम होतं. आबांनी विचारलं, ‘‘सोनाबाई, दार का लावलं?’’

‘‘आबा, तुमच्याकडनं लागलं, म्हून आमच्याकडनं लागलं.’’

 आबा म्हणाले, ‘‘घागर घ्या.’’ सोनाबाईंनी घागर घेतली. बाकीच्या बायकाही निघाल्या, मागे सगळी वस्ती, आणि आम्हीही. आबा स्वतः पुढे. पायऱ्यांवर ती माणसं अजून उभी होती. आबा त्यांना एवढंच म्हणाले, ‘‘सरका.’’ मग त्या वयात वाकून त्यांनी स्वतः पहिली घागर भरली आणि सोनाबाईंच्या पुढे ओंजळ धरली. ‘‘वता. तहान लागलीया.’’ सोनाबाईंनी घागरीतून पाणी ओतलं, आबा प्यायले, आणि मिशा पुसत म्हणाले, ‘‘ग्वाड हाय.’’ मग ते हसले, सोनाबाई हसल्या, आणि पायऱ्यांवरचे सगळेच हसायला लागले. हलगी पुन्हा सुरू झाली. त्रिपाठीला आधी काय झालं ते धड कळलंच नव्हतं. तरी तो सगळ्यांपेक्षा जास्त नाचला. फळी त्याच संध्याकाळी वर उचलली, आणि ती पुन्हा कधी सोडावी लागली नाही.

शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून एक जुने खाण अधिकारी परीक्षक म्हणून आले होते, कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी मला विचारलं, ‘‘दोन बाजूंनी बोगदा मिळवण्याची मोजणी कधी केली आहे?’’

‘‘हो सर. दोन विहिरींमध्ये.’’

‘‘किती चुकलं?’’

‘‘एक वीत.’’

‘‘कसं कळलं?’’

‘‘भोकातून हात घातला सर. पलीकडून दुसरा हात लागला.’’

ते ओव्हाळसरांकडे वळून म्हणाले, ‘‘याला आणखी काही विचारायचं कारण मला दिसत नाही.’’ बाहेर आल्यावर सर म्हणाले, ‘‘एक वीत म्हणताना जरा मान खाली घालायची होतीस. एवढीही चुकायला नको होती.’’ आणि लगेच माझ्या पाठीवर थाप मारली.

सरांनी वर्गाबाहेर आमच्यासाठी काय केलं, ते सांगू लागलो तर हा ग्रंथ पुरायचा नाही. मी आपलं स्वतःपुरतं सांगतो. मला कोळसा खाणीत नोकरी लागली आणि दौंडच्या एका मुलीचं स्थळ आलं. मुलगी मला पसंत, मी तिला पसंत. पण तिचे वडील रेल्वेत गार्ड, ते म्हणाले, ‘‘गाडीला सिग्नल तरी असतो. जमिनीखाली काय असतं? माझी पोरगी देणार नाही.’’ आमच्या घरी सगळे हिरमुसले. सरांच्या कानावर हे गेलं. ते सुट्टीत गावी आले तेव्हा थेट दौंडला गेले आणि गार्डसाहेबांना म्हणाले, ‘‘मुलगी द्यायच्या आधी तुम्ही घर बघता ना? मग नोकरीही बघा. मी नेतो.’’

आणि खरोखरच नेलं. व्यवस्थापकांची रीतसर परवानगी काढून आमचे भावी सासरे टोपीवर हेल्मेट घालून पिंजऱ्यात उभे राहिले. सरांनी त्यांना अर्थातच आधी घंटावाल्यांचं नाव विचारायला लावलं. खाली गेल्यावर प्रत्येक आधार, प्रत्येक दार, हवेची वाट, सगळं दाखवलं. घंटेचे ठोके ठरलेले असतात आणि ठोक्याशिवाय पिंजरा हलत नाही, हे कळल्यावर गार्डसाहेबांचा चेहरा खुलला. ‘‘म्हणजे तुमच्याकडंपण सिग्नल आहे की!’’ ते म्हणाले. मग जरा वेळानं सरांच्या कानाशी लागून, ‘‘मुलगी देतो. पण आता मला वर न्या.’’ आमचं लग्न दौंडलाच झालं. अंतरपाट धरायला सर उभे होते. त्या अंतरपाटाच्या पलीकडे जी उभी होती, ती आज माझ्या शेजारी बसून हा लेख वाचते आहे आणि ‘मी पसंत होते हे आधी लिहा’ म्हणते आहे. ते लिहिलं आहे.

निवृत्तीनंतर सर वाडीला परतले. स्वस्थ बसले, असं मात्र झालं नाही. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत पाळीवर काम करणाऱ्या मुलांना सुरक्षेबद्दल चार शब्द सांगायला त्यांना बोलावतात आणि ते एसटीनं जातात. गाडी पाठवू म्हटलं तर म्हणतात, ‘‘एसटीत कामगार भेटतात. व्याख्यान तिथंच निम्मं होतं.’’ मी एकदा सोबत गेलो होतो. उत्तरेकडून आलेल्या एका तरुणानं विचारलं, ‘‘साहब, मास्क में गर्मी होती है, थोड़ी देर निकाल दें तो?’’ सरांनी त्याला दटावलं नाही. घरी कोण कोण आहे ते विचारलं. आई आहे, दोन बहिणी आहेत. ‘‘तो फिर मास्क उनका है,’’ सर म्हणाले, ‘‘तुम्हारा नहीं. दूसरे की चीज़ बीच में नहीं उतारते.’’ त्या मुलानं मास्क नीट बसवला. भाषणापेक्षा एवढं एक वाक्य माझ्या जास्त ध्यानात राहिलं.

सरांना आता ऐकायला जरा कमी येतं. खडक फोडणाऱ्या यंत्रांचा तो परिणाम. गुडघे कुरकुरतात. पण डोळे तसेच तीक्ष्ण आहेत, आणि कोणाच्या बोलण्यात पोकळपणा असेल तर तो त्यांना कमी ऐकू येऊनही लगेच कळतो. त्यांचे विद्यार्थी आज देशभर आहेत. कोणी मोठ्या खाणींचे प्रमुख झाले, कोणी परीक्षक, कोणी शिक्षक. आम्ही भेटलो की पदांबद्दल कमी आणि सरांबद्दल जास्त बोलतो, आणि प्रत्येकाकडे सांगायला एक नवा प्रसंग असतो.

खाणीत पाळी बदलताना वर येणारा माणूस खाली जाणाऱ्याला फार काही बोलत नाही. ‘सांभाळून’ एवढंच म्हणतो. आमच्या सबंध नोकरीत कुठेही बदली झाली, कुठलंही नवं काम हाती आलं, की सरांचा फोन येई आणि शेवटचा शब्द तोच असे. आम्हाला तो म्हणायची संधी त्यांनी कधी दिली नाही. सर, आज पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर तुम्ही उभे आहात आणि पुढची वाट लांब, निरोगी आणि आनंदाची असावी, अशी आम्हा सगळ्यांची मनापासून इच्छा आहे. आता पाळी आमची आहे, म्हणून आम्हीच म्हणतो.

सांभाळून, सर.